दोष हाताचा की दाराचा?

बँकेच्या बहुतेक शाखांना आता काचेचे दार असते. त्याला आतून आणि बाहेरून सारख्याच उभ्या, चकचकीत मुठी बसवलेल्या असतात आणि मुठीच्या वर एका बाजूला 'ढकला', दुसऱ्या बाजूला 'ओढा' अशी पाटी चिकटवलेली असते. मी ज्या शाखेत काही वर्षे काम केले, तिथे माझे टेबल नेमके अशा दारासमोर होते. बाहेरून येणारी कितीतरी माणसे 'ढकला' असे लिहिलेले दार आधी ओढत, ते हलत नाही म्हणून क्षणभर गोंधळत, मग पाटी वाचत आणि आत येता येता ओशाळे हसत. त्यांत शिकलेले होते, न शिकलेले होते. एकदा तर तपासणीला आलेले आमचे वरिष्ठ अधिकारीच होते. मला नवल वाटे ते त्या हसण्याचे. चूक दाराची, आणि ओशाळायचे मात्र माणसाने!

या साध्या निरीक्षणावर डॉन नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८८ साली एक पुस्तकच लिहिले. पुढे ते 'द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज' या नावाने जगभर गाजले आणि अशा फसव्या दारांना 'नॉर्मन डोअर' हे नाव पडले. त्यांचे म्हणणे असे, की मूठ दिसली की हात ती ओढतो आणि सपाट पट्टी दिसली की ढकलतो. डोके पाटी वाचेपर्यंत हाताने निर्णय घेतलेला असतो. वस्तूचा आकारच तिच्याशी कसे वागावे हे सांगत असतो. वस्तू आणि वापरणारा यांच्यातील या नात्याला जेम्स गिब्सन या मानसशास्त्रज्ञांनी आधीच 'अफॉर्डन्स' असे नाव दिले होते. नॉर्मन यांनी ते वस्तुरचनेच्या शास्त्रात आणले. दाराला पाटी लावावी लागणे ही, या दृष्टीने पाहता, रचनेत कसर राहिल्याची कबुलीच होय.

यंत्राचा जो भाग माणसाला दिसतो, ऐकू येतो आणि हाताला लागतो, त्याला आज 'युजर इंटरफेस' म्हणतात. त्या यंत्राशी गाठ पडल्यापासून काम आटोपेपर्यंत माणसाला जे जे सोसावे किंवा अनुभवावे लागते, ते सारे 'युजर एक्स्पिरियन्स' या शब्दांत येते. नॉर्मन १९९३ मध्ये ॲपल कंपनीत गेले, तेव्हा त्यांनी हे शब्द आपल्या पदनामातच घेतले आणि तेथून ते रूढ झाले. शब्द नवे असले तरी गोष्ट मात्र जुनी आहे. आपल्याकडे हे काम काउंटरवरचा माणूस करीत असे. पैसे काढण्याच्या स्लिपवर सही करायची राहिली, तर 'आजी, सही राहिली' असे म्हणून तो स्लिप परत सरकवी. कोणी पाचशेऐवजी पाच हजार लिहून आणले, तर चष्म्यावरून पाहत 'पाच हजार काढायचेत ना नक्की?' असे विचारी. ग्राहक अडखळला की त्याला ते चेहऱ्यावरून कळे. तो माणूस हाच बँकेचा इंटरफेस होता. आता त्याच्या जागी पडदा आला आहे, आणि पडद्याला चष्म्यावरून पाहता येत नाही. त्या माणसाने जे जाणले असते ते पडद्यात आधीच भरून ठेवावे लागते. कोणी भरून ठेवले नाही, तर ग्राहक चुकतो आणि दोष स्वतःलाच देतो.

पैसे आधी की कार्ड आधी?

या दृष्टीने एटीएमचा इतिहास मनोरंजक आहे. या यंत्राच्या जनकांपैकी एक, जॉन शेफर्ड-बॅरन, यांचा जन्म १९२५ साली आपल्याकडच्या शिलाँगचा. त्यांनी सिद्ध केलेले यंत्र २७ जून १९६७ रोजी उत्तर लंडनमधील एनफिल्ड येथे बार्कलेज बँकेच्या शाखेबाहेर सुरू झाले. तेव्हा प्लॅस्टिकचे कार्ड नव्हते. कार्बन-१४ या किरणोत्सारी द्रव्याने खूण केलेली कागदी चिठ्ठी यंत्रात घालायची आणि गुप्त आकडे दाबायचे. जास्तीत जास्त दहा पौंड मिळत. ते आकडे किती असावेत हा प्रश्न होता. शेफर्ड-बॅरन यांना आपला सैन्यातील सहा आकडी क्रमांक पाठ होता, म्हणून त्यांच्या मनात सहा होते. स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून त्यांनी पत्नीला विचारले, तेव्हा 'मला चारच लक्षात राहतील' असे उत्तर आले, आणि चार आकडे ठरले, अशी आठवण त्यांनी पुढे सांगितली. पिनचे श्रेय कोणाचे याबद्दल वाद आहे. जेम्स गुडफेलो या स्कॉटिश अभियंत्यांचे पेटंट १९६६ चे, म्हणजे त्याही आधीचे. वादाचे काही असो, पण आपल्याला पाठ आहे तेवढे सर्वांना पाठ असेल असे न समजता घरातल्या माणसाला विचारून पाहणे, ही कृती मला लाखमोलाची वाटते. आजचे रचनाकार याच गोष्टीसाठी प्रयोगशाळा थाटतात.

माणसाची स्मृती एका वेळी किती धरू शकते, याविषयी जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. सात, दोन इकडे किंवा दोन तिकडे, असे त्यांचे उत्तर होते. पुढे नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये हा आकडा चाराच्या आसपास खाली आणला. मिलर यांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती. सुटे आकडे गटांत बांधले की मनाला ओझे हलके होते. आपल्या डेबिट कार्डावरील सोळा आकडे चार-चारांच्या गटांत छापलेले असतात ते यामुळे वाचायला सोपे जातात. खाते क्रमांक मात्र अनेक ठिकाणी सलग छापलेला असतो. मध्ये चार-पाच शून्ये लागोपाठ आली, की भल्याभल्यांची नजर घसरते. एवढ्याने केवढे बिघडते, ते पुढे येईलच.

सुरुवातीच्या अनेक एटीएममध्ये आधी नोटा बाहेर येत आणि नंतर कार्ड. दिसायला हा क्रम स्वाभाविक होता. ग्राहक ज्यासाठी आला ते त्याला आधी द्यावे, मग त्याचे सामान परत करावे. पण लोक नोटा मोजत मोजत निघून जात आणि कार्ड यंत्रातच राही. कारण असे, की माणूस यंत्रापाशी 'पैसे काढणे' हे एक काम मनात धरून आलेला असतो. नोटा हातात पडल्या की मन त्या कामाची गाठ मारून मोकळे होते. त्यानंतर उरलेले काम कोणाचेच नसते. झेरॉक्स काढल्यावर प्रती घेऊन येणे आणि मूळ कागद काचेवर विसरणे, दुधाचे पातेले उतरवून ठेवणे आणि गॅस चालूच राहणे, ही त्याच जातीची विस्मरणे आहेत. मायकेल बर्न आणि सुसान बोव्हेअर या संशोधकांनी १९९७ च्या निबंधात अशा चुकांचा बारकाईने अभ्यास केला. माणूस निष्काळजी असतो म्हणून त्या घडतात असे नाही. मनाची घडणच तशी आहे.

यावर 'कार्ड विसरू नका' अशी मोठी पाटी लावणे हा एक उपाय होता. दुसरा उपाय क्रम उलटा करण्याचा: कार्ड काढून घेतल्याशिवाय नोटा बाहेरच यायच्या नाहीत. हा दुसरा उपाय जगभर चालला, कारण त्यात कोणाला काही आठवावे लागत नाही. विसरण्याजोगी गोष्टच मुख्य कामाच्या आधी आणून ठेवली, एवढेच.

आपल्याकडे १९८७ मध्ये मुंबईत पहिले एटीएम आले. पुढे ठिकठिकाणी जी यंत्रे बसली, त्यांतील अनेकांत कार्ड क्षणभर आत घालून लगेच बाहेर काढायचे असे. कार्ड विसरण्याची भीती त्यात उरली नाही, पण दुसरीच एक फट राहिली. पैसे मिळाल्यावर 'आणखी व्यवहार करायचा आहे का?' असा प्रश्न पडद्यावर उभा राही, आणि ग्राहक त्याचे उत्तर न देताच निघून जाई. त्याच्या दृष्टीने काम संपलेले, यंत्राच्या दृष्टीने ग्राहक अजून समोरच उभा! काही यंत्रांत मागून येणारा लबाड मनुष्य 'होय' दाबून त्याच्या खात्यातून रक्कम काढू शके. अखेर रिझर्व्ह बँकेने प्रत्येक व्यवहाराला पिन नव्याने विचारण्याचा दंडक घातला. एक चूक बंद करताना दुसरी उघडी तर पडत नाही ना, हे कोणाला तरी यंत्रासमोर उभे राहूनच पाहावे लागते. कागदावरच्या आराखड्यात ते दिसत नाही.

शून्य आणि ओ

एटीएमच्या कळांवर सर्वांत वर १, २, ३ असतात. संगणकाच्या कळफलकाच्या उजवीकडील आकड्यांत, आणि कॅल्क्युलेटरवरही, सर्वांत वर ७, ८, ९ असतात. ही गंमत आमच्या रोखपाल मंडळींना चांगली ठाऊक आहे. दिवसभर संगणकावर न बघता आकडे मारणारा हात संध्याकाळी एटीएमवर स्वतःचाच पिन चुकतो. पहिली मांडणी टेलिफोनकडून आली. बटणांचा टेलिफोन बाजारात आणण्यापूर्वी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने अंकांच्या निरनिराळ्या मांडण्या माणसांकडून वापरून पाहिल्या. आडव्या रांगा, उभे खांब, वर्तुळेसुद्धा. त्याचा वृत्तांत १९६० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९६३ मध्ये आलेल्या टेलिफोनवर १ वर असलेली मांडणी पक्की झाली. कॅल्क्युलेटरची मांडणी आकडेमोडीच्या जुन्या यंत्रांच्या परंपरेतली. दोन्ही आपापल्या जागी ठीकच आहेत. त्रास होतो तो एकाच माणसाला दोन्ही वापराव्या लागतात तेव्हा. सारख्या गोष्टी सर्वत्र सारख्याच असाव्यात, या तत्त्वाला रचनाशास्त्रात फार वरचे स्थान आहे ते यासाठी.

आता एक अनुभव. निवृत्त मुख्याध्यापक असलेले आमचे एक ग्राहक एके दिवशी सकाळीच शाखेत आले. बाहेरगावी शिकणाऱ्या नातवाचे शुल्क त्यांना एका संकेतस्थळावरून भरायचे होते. तीन दिवस ते प्रयत्न करीत होते. प्रत्येक वेळी पडद्यावर लाल अक्षरांत 'अवैध' असा संदेश येई. आवाज खाली आणून त्यांनी मला विचारले, "साहेब, माझ्याकडून काही बेकायदेशीर घडलं आहे का?"

त्यांनी कागदावर लिहून आणलेला आयएफएससी क्रमांक मी पाहिला. हा क्रमांक अकरा चिन्हांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, शेवटची सहा चिन्हे शाखेची आणि मधले, पाचवे, सदैव शून्य. गुरुजींनी पहिली चार अक्षरे इंग्रजी म्हणून पाचवे चिन्हही इंग्रजी 'ओ' असावे असे समजून तेच टाकले होते. कोणीही तसेच समजेल. दोन्ही दिसायला सारखी. पण पाचव्या जागी शून्याखेरीज दुसरे काही येऊच शकत नाही, हे ते संकेतस्थळ बनवणाऱ्यांना ठाऊक होते. तिथे 'ओ' दिसताच यंत्राने मुकाट्याने शून्य करून घेतले असते, तर गुरुजींचे तीन दिवस आणि दोन रात्रींची झोप वाचली असती. निदान 'पाचवे चिन्ह शून्य असते, आपण ओ लिहिला आहे' एवढे तरी सांगता आले असते.

आणि तो शब्द! 'इनव्हॅलिड' या इंग्रजी शब्दाला कोशात 'अवैध' हा प्रतिशब्द सापडतो, तो उचलून कोणीतरी पडद्यावर ठेवला. मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाच्या कानी 'अवैध' हा शब्द पडतो तो अवैध दारू, अवैध वाळूउपसा, अवैध बांधकाम अशा संगतीत. गुरुजींना घाम फुटला यात त्यांचे काय चुकले? आपली ॲप्स आणि संकेतस्थळे आता मराठीत येत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र भाषांतर करणाऱ्याला शब्दासोबत तो शब्द ज्या पडद्यावर, ज्या क्षणी येणार तो प्रसंगही दाखवायला हवा. 'हा क्रमांक जुळत नाही' हे चार शब्द पुरले असते.

कागदाची हुशारी

चुका होऊ न देण्याची कला संगणकाबरोबर जन्मली असे समजण्याचे कारण नाही. आपला धनादेश पाहा. त्यावर रक्कम दोनदा लिहायची, एकदा अंकांत आणि एकदा अक्षरांत. अंकांत एखादे शून्य वाढणे किंवा गळणे सोपे. अक्षरांत 'पाच हजार'चे 'पन्नास हजार' चुकून होत नाही. दोहोंत फरक पडला तर अक्षरी रक्कम खरी मानावी, असे १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे अठरावे कलम सांगते. एकच गोष्ट दोन वेगळ्या रीतींनी लिहून घेणे आणि वाद झाल्यास कोणती मानायची हेही आधीच ठरवून ठेवणे, ही दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसांची दूरदृष्टी होती. मोबाइलवर मोठी रक्कम पाठवताना आकड्याखाली अक्षरी रक्कम दाखवणारी काही ॲप्स आहेत. ती हाच वारसा चालवतात.

याउलट अलीकडचे एक उदाहरण बँक कर्मचाऱ्यांनी मुद्दाम वाचण्यासारखे आहे. न्यायालयीन निकालपत्रामुळे त्याचा सगळा तपशील उजेडात आला आहे. ११ ऑगस्ट २०२० रोजी न्यूयॉर्कच्या सिटीबँकेला रेव्हलॉन या प्रसाधन कंपनीच्या कर्जाचे सुमारे ७८ लाख डॉलरचे व्याज कर्जदात्यांना पोचवायचे होते. मुद्दल जायचे नव्हते. परंतु वापरातील प्रणालीची घडण अशी होती, की हे व्याज देण्यासाठी संपूर्ण कर्ज फेडल्यासारखी नोंद करायची आणि मुद्दलाचा भाग बँकेच्याच अंतर्गत खात्याकडे वळवायचा. तो वळवण्यासाठी पडद्यावर तीन चौकोनांत खूण करणे आवश्यक होते. त्यांपैकी एका चौकोनाचे नाव 'मुद्दल' या अर्थाचे होते. उरलेल्या दोघांच्या नावांवरून काहीच बोध होत नव्हता. नोंद करणाऱ्याने फक्त 'मुद्दल'वर खूण केली. बँकेत अशा व्यवहाराला तिघांची मंजुरी लागे. सहा डोळ्यांची तपासणी असे त्याला म्हणत. तिघांनीही, त्यांत दोघे भारतात बसून काम करणारे होते, तो पडदा पाहिला आणि तिघांनाही तो बरोबर वाटला. प्रणालीने शेवटी इशारा दिला होता, की पैसे बँकेबाहेर जातील, पुढे जायचे का? पण व्याज तर बाहेर जायचेच होते. किती पैसे बाहेर जातील, तो आकडा इशाऱ्यात नव्हता. बँकेच्या स्वतःच्या पैशांतून सुमारे ८९ कोटी ४० लाख डॉलर निघून गेले.

काही कर्जदात्यांनी पैसे परत केले. सुमारे ५० कोटी डॉलर मात्र 'आमचे येणे होतेच' म्हणून अडकवून ठेवले गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला. दोन वर्षे हा जीव टांगणीला लागला तो तीन चौकोनांपायी.

या प्रकरणाकडे पाहून 'कर्मचाऱ्यांनी नीट पाहायला हवे होते' असे म्हणणे सोपे आहे. पण तीन वेगवेगळी माणसे एकच पडदा पाहून एकाच प्रकारे फसतात, तेव्हा तपासायला हवा तो पडदा. पाचशे व्यवहारांत पाचशे वेळा 'आपली खात्री आहे का?' असे विचारले जात असेल, तर हात आपोआप 'होय'वर जातो. मॅकिन्टॉश संगणकाच्या कल्पनेचा आरंभ करणाऱ्या जेफ रास्किन यांनी २००० साली आपल्या पुस्तकात हेच मांडले होते: नेहमी विचारला जाणारा प्रश्न हा प्रश्न राहत नाही, तो हाताच्या सवयीचा भाग होतो. लेखनाच्या प्रणालीत चूक झाली तर 'पूर्ववत' करण्याची सोय असते. पाठवलेला पैसा पूर्ववत होत नाही. म्हणून बँकेच्या पडद्यावर 'खात्री आहे का' यापेक्षा 'अमुक व्यक्तीला, इतके रुपये, या खात्यातून' हे मोठ्या अक्षरांत दिसणे अधिक मोलाचे.

यंत्राने हुंकार द्यावा

आपण गोष्ट सांगत असताना ऐकणाऱ्याने अधूनमधून 'हं' म्हणावे लागते. नाहीतर सांगणारा थांबतो. यंत्रानेही तसा हुंकार द्यायला हवा. आपल्या मतदान यंत्राचे उदाहरण घ्यावे. निळे बटण दाबताच चिन्हाशेजारचा लाल दिवा लागतो, लांब 'बीप' वाजतो, आणि आता तर शेजारच्या काचेआड सात सेकंद चिठ्ठीही दिसते. अक्षरओळख नसलेल्या मतदारालाही आपले मत नोंदले गेले हे समजते. या यंत्राच्या बाह्य रचनेत मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या प्राध्यापकांचा वाटा होता, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

भाजीवाल्याच्या गाडीवरची बोलकी पेटी हे याच तत्त्वाचे अस्सल भारतीय रूप. ग्राहकाने फोनवरून पैसे पाठवले, की पेटी रक्कम मोठ्याने सांगते. भाजीवाल्याच्या एका हातात तराजू असतो, दुसरा ओला असतो. त्याने फोन काढून पडदा पाहावा कसा? ज्याने ही पेटी प्रथम योजली तो नक्कीच मंडईत बराच वेळ उभा राहिला असला पाहिजे. याच्या उलट अनुभवही आपण घेतलेला असतो. पैसे पाठवले, पडद्यावर चक्र फिरते आहे, ना यश ना अपयश. अशा वेळी माणूस पुन्हा बटण दाबतो आणि दोनदा पैसे जातात. चक्राच्या जागी 'आपली विनंती पोचली आहे, पुन्हा पाठवू नये' एवढी ओळ असेल, तर बोट जागीच थांबते.

यूपीआयचा पिन हा पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी नव्हे. ही सूचना बँकांनी किती वेळा दिली असेल याची गणती नाही. तरीही लोक फसत राहिले. जुना सोफा विकायला काढलेल्या माणसाला 'गिऱ्हाईक' फोन करी, पैसे पाठवतो असे म्हणून प्रत्यक्षात पैशांची मागणी पाठवी, आणि विकणारा आनंदाने पिन टाकून मोकळा होई. येणे आणि देणे यांचे पडदे जवळजवळ सारखेच दिसत. घाईत फरक लक्षात येत नसे. इशारे, जाहिराती, संदेश, सगळे झाले. शेवटी १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद करण्यात आली. म्हणजे पाटी बदलत न बसता दाराची मूठ काढून टाकली.

खाते क्रमांकातील शून्यांचा वर उल्लेख आला. एनईएफटीने पैसे पाठवताना आपण लाभार्थीचे नाव लिहितो खरे, पण रक्कम जमा होते ती केवळ खाते क्रमांकावरून. एक आकडा चुकला आणि त्या क्रमांकाचे खाते अस्तित्वात असले, की पैसे परक्याच्या घरी. ते परत मिळवण्यासाठी ग्राहक काउंटरवर येतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे पाहवत नाही, आणि आमच्या हाती विनंतीपत्र पाठवण्यापलीकडे फारसे काही नसते. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार, क्रमांक टाकल्यावर खातेदाराचे बँकेतील नाव दाखवण्याची सोय एनईएफटी आणि आरटीजीएससाठी १ एप्रिल २०२५ पर्यंत करायची होती. ही सोय जिथे दिसेल तिथे तिचा उपयोग जरूर करावा. अनोळखी नाव दिसले तर तिथेच थांबावे. काउंटरवरचा माणूस 'हे खाते पाटीलबाईंचं आहे, तुम्ही कुलकर्णी लिहिलंय' असे म्हणत असे. पडदा ते म्हणायला आत्ता शिकतो आहे.

बोटांनी वाचणारे

इंटरफेस म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पडदा येतो. पण ज्यांना पडदा दिसत नाही त्यांचे काय? नोटेपासूनच सुरुवात करावी. शंभराची नोट १४२ मिलिमीटर लांब, दोनशेची १४६, पाचशेची १५०. रुंदी तिन्हींची ६६. चार-चार मिलिमीटरचा हा फरक बोटांनी ओळखणे अवघड आहे, अशी दृष्टिहीनांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. म्हणून नोटेच्या कडांना उठावाच्या तिरप्या रेघा दिलेल्या आहेत: शंभराला चार, पाचशेला पाच. शंभरावर उठावाचा त्रिकोण आणि पाचशेवर वर्तुळ आहे. मात्र नोट हाताळून हाताळून मऊ झाली की उठाव बसतो. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी 'मनी' नावाचे मोबाइल ॲप आणले. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते तिची किंमत बोलून सांगते.

बोलणारे एटीएम आपल्याकडे युनियन बँकेने जून २०१२ मध्ये अहमदाबादेत सुरू केले. इयरफोन लावला की यंत्र सूचना सांगते, आणि ग्राहक कळा चाचपून उत्तर देतो. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये बँकांना सांगितले होते, की नव्याने बसवायच्या यंत्रांपैकी निदान एक तृतीयांश अशी असावीत; पुढे जुलै २०१४ पासून सगळीच नवी यंत्रे बोलकी आणि ब्रेल कळांची असावीत असे ठरले. माझ्या पाहण्यातील अडचण वेगळीच आहे. यंत्र बोलके असते, पण इयरफोनची खाच कुठे आहे हे सुरक्षारक्षकालाही माहीत नसते. शाखेतील सहकाऱ्यांनी आपल्या एटीएममध्ये जाऊन एकदा डोळे मिटून, इयरफोन लावून, पाचशे रुपये काढून पाहावेत, अशी माझी सूचना आहे. पहिल्या प्रयत्नात जमले नाही तर ओशाळू नये. कुठे अडले ते लिहून ठेवावे आणि वर कळवावे.

आणि ग्राहक वाचकांनी पुढच्या वेळी एटीएमपाशी गेल्यावर मधल्या ५ या कळेवरून बोट फिरवून पाहावे. तिथे मोहरीएवढा एक उंचवटा लागेल. त्याच्या वर २, खाली ८, डावीकडे ४, उजवीकडे ६. तेवढ्या एका टिंबावरून बाकीचे सारे आकडे अंधारातही सापडतात.